पसंतीच्या यादीत पहिलं धुळे

जळगाव,
सोमवार, दुपारी तीन

प्रिय सितारा,

सलाम, नमस्कार आणि पोटभर आठवण. तुझ्या घरातल्या सगळ्या लहानथोरांना (म्हणजे सध्या तुला एकटीलाच) माझं प्रेम सांग. नाशिकहून तुझ्या उमरचा फोन आला की त्यालाही आशीर्वाद कळव, आणि त्याच्या मुलीचे पुढचे दात आले का तेही मला कळव. तुझी साखर किती आहे? ‘ठीक आहे’ हे उत्तर चालणार नाही. ते मी बकरी ईदेच्या फोनवर ऐकलं, तेव्हा मागे बशीवर चमचा वाजत होता आणि तुझ्या घरात तुझ्याशिवाय कोणी नव्हतं. माझा उजवा गुडघा जसा होता तसाच आहे. डावा त्याच्या संगतीने बिघडत चालला आहे.

तू म्हणशील, हातात फोन असताना ही बाई पत्र का लिहिते. एक तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस. दुसरं म्हणजे काही गोष्टी मला कागदावरच नीट सांगता येतात, आणि हा दोष भुसावळच्या आपल्या कॉन्व्हेंटचा. सिस्टर बेनेडिक्टांनी शिकवलेलं तुला आठवतं ना? पहिल्या परिच्छेदात प्रकृतीची चौकशी, दुसऱ्यात आपली हकिगत, तिसऱ्यात काम, आणि काम सांगताना लाजायचं नाही. तेव्हा आता हकिगत. मी वकिलीच्या कॉलेजात जाते आहे. बासष्टाव्या वर्षी. आणि जळगावातल्या नाही, धुळ्याच्या. शुक्रवारी दुपारी चारच्या आत मूळ कागद घेऊन तिथे हजर झाले नाही तर माझी जागा जाईल, आणि यंदाच्या पुढच्या फेऱ्यांतही मला उभं करणार नाहीत. आता पाणी पी आणि पुढे वाच.

(हा तिसरा परिच्छेद. इथे काम यायला हवं होतं. पण हकिगत अजून संपलेली नाही, सिस्टर माफ करतील.) हे खूळ कुठून आलं ते आधी सांगते. आमच्या शाळेत खिचडी शिजवायला लताबाई होत्या, त्या तुला माहीत आहेत. माझ्या कुंदनच्या लग्नात तुझ्याशी भांडून तुझ्या हातची पळी घेतली होती, त्याच. सात वर्षांपूर्वी त्या एक कागद घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांचं माहेर चोपड्याकडचं, भावांची केळीची बाग. ‘बाई, तुम्ही इंग्रजीच्या, जरा वाचून दाखवा,’ म्हणाल्या. कागद मराठीत होता, हक्कसोडीचा, बागेतला आपला वाटा भावांना सोडल्याचा. मी चष्मा लावून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. काय सुंदर वाचला ग मी! एक विराम चुकला नाही. ‘सही करू ना, बाई?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘सगळ्याच बहिणी करतात. मीही केली होती.’ त्यांनी केली. पुढे दोन वर्षांत त्यांचा नवरा गेला, सासरच्यांनी बाहेर काढलं, त्या भावाकडे गेल्या, तर भावाने तो कागद लॅमिनेट करून कपाटात ठेवलेला. आता त्या आमच्याच गल्लीत एका खोलीत राहतात. मागच्या वर्षी बोलता बोलता म्हणाल्या, ‘बाई, तुम्ही तर वाचलं होतं.’ टोमणा नव्हता ग त्यात. टोमणा असता तर मी उलटून काहीतरी बोलले असते आणि मोकळी झाले असते.

तेव्हापासून मला वाटायला लागलं, की बत्तीस वर्षं मी मुलांना वाचायला शिकवलं, पण वाचल्यावर काय करायचं ते मलाच कोणी शिकवलं नाही. गल्लीतले लोक अजूनही नोटिसा घेऊन येतात. मी त्या वाचते, शुद्धलेखनाच्या चुका काढते आणि चहा देऊन परत पाठवते. शेवटी एके दिवशी मी वर्तमानपत्रात वाचलं, की तीन वर्षांच्या एल.एल.बी.ला पदवी लागते आणि वयाची वरची मर्यादा नाही. कुंदनला फोन केला. (तो वरणगावच्या फॅक्टरीत आहे, दारूगोळ्याच्या शेजारी आठ तास उभा असतो, पण आईच्या बाबतीत फार घाबरट.) तो म्हणाला, ‘आई, त्यापेक्षा तू गच्चीवर कुंड्या लावत नाहीस का?’ मी म्हटलं, ‘लावल्यात. आता काय?’

प्रवेश परीक्षेसाठी मी क्लास लावला. क्लास तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, लिफ्ट नाही. पहिल्या दिवशी मी वर पोहोचले तेव्हा निम्मा तास संपला होता. शिकवणारे सर सव्वीस वर्षांचे. त्यांनी मला पाहून खडू खाली ठेवला आणि फीबद्दल काही तक्रार आहे का म्हणून विचारलं. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. दाराशी एक शेतकरी गृहस्थ मुलीला सोडायला आले होते, रुपसिंग, चोपड्याच्या वर सातपुड्याच्या पायथ्याचे. ते आपुलकीने म्हणाले, ‘अक्का, तुम्ही कोनले सोडाले उनात?’ मी म्हटलं, ‘मी मलाच सोडायला आले.’ त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. ‘मंग आमनी शीतलवर बी ध्यान ठेवा,’ म्हणाले आणि निघून गेले. झालं उलटंच, शीतलनेच माझ्यावर ध्यान ठेवलं. वरून मला कॉन्व्हेंटची सवय, सरांनी प्रश्न विचारला की उभं राहून उत्तर द्यायचं. आठवड्याभरात मला पाहून सगळा वर्ग उभा राहायला लागला, आणि सरांचा घसा बसला, कारण त्यांना दर मिनिटाला ‘बसा, बसा’ म्हणावं लागे.

सितारा, या परीक्षेत नात्यागोत्याची कोडी असतात. ‘अ हा ब च्या आईच्या एकुलत्या एका भावाचा मुलगा आहे, तर ब च्या मुलीचा अ कोण?’ मला वाटलं, हे आपलं राज्य. आयुष्य लग्नांच्या याद्या करण्यात गेलं. पण माझी उत्तरं चुकायची. मी शीतलला म्हणायचे, ‘अग, पण त्या अ चं ब च्या आत्याच्या घरात लग्न झालं असेल तर? मग तो जावई लागतो, त्याचा मान वेगळा.’ ती म्हणायची, ‘आजी, अ चं लग्न झालेलं नाही.’ ‘तुला काय माहीत?’ ‘प्रश्नात दिलेलं नाही ना!’ म्हणजे बघ, कायद्याचा पहिला धडा मला एकवीस वर्षांच्या मुलीने दिला: कागदावर नाही ते धरायचं नाही. लताबाईंच्या कागदावर त्यांच्या म्हातारपणाबद्दल एक शब्द नव्हता. दुसरा प्रकार कायदेशीर तर्काचा. शेजाऱ्याची बकरी कुंपण मोडून आत आली आणि झाडं खाल्ली, तर जबाबदार कोण? चार पर्याय होते. दोघांना समोरासमोर बसवून चहा पाजावा, हा पर्याय चारांत नव्हता.

परीक्षा मे महिन्यात झाली. मे महिन्यातलं जळगाव तुला सांगायला नको. दुपारी बारा वाजता केंद्राच्या फाटकाशी उभी होते, डोक्यावर ओला रुमाल. रखवालदार म्हणाला, ‘पालकांनी झाडाखाली थांबा.’ मी म्हटलं, मी पालक नाही. ‘मग पाण्याची सोय पलीकडे.’ मी प्रवेशपत्र दाखवलं. त्याने फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो पाहिला आणि साहेबांना हाक मारली. साहेब येईपर्यंत तपासणीवाल्या बाईंनी त्यांची ती काठी माझ्या अंगावरून फिरवली आणि गुडघ्याशी आल्यावर काठी ओरडायला लागली. गुडघ्याच्या पट्ट्यात लोखंडी पट्ट्या असतात ना! तिथेच, सगळ्या पोरापोरींच्या देखत, भिंतीकडे तोंड करून मी पट्टा सोडला. आत गारठा असा की दात वाजावेत, आणि शाल बाहेर जमा. माउस माझ्या हातातून पळत होता. पण इंग्रजीचे प्रश्न आले तेव्हा, खरं सांगते, सिस्टर बेनेडिक्टा माझ्या मागे उभ्या होत्या. एकही चुकला नाही.

पास झाले. (थोडक्यात लिहिते, नाहीतर तू म्हणशील मिरवते.) खरी गंमत पुढेच आहे. पास झाल्यावर कॉलेजांची यादी भरायची असते, कुठलं पहिलं हवं, कुठलं दुसरं. पसंतीक्रम म्हणतात. आमच्या चौकात चुडामणचं ई-सेवा केंद्र आहे. तो मूळचा अमळनेरचा, माझाच विद्यार्थी, सहावीत दोनदा. त्याच्याकडे गेले. माझ्या घरापासून जळगावचं लॉ कॉलेज रिक्षाने दहा मिनिटांवर. कोणीही शहाण्या माणसाने ते पहिलं टाकून घरी जाऊन पोळ्या लाटल्या असत्या. पण माझ्यासमोर कोरी यादी आली, एक ते पाच आकडे, आणि माझ्या हाताला लग्नपत्रिकेची सवय. आमच्या घरची प्रत्येक पत्रिका मीच लिहिलेली आहे. वर कोण, खाली कोण, कोणाचं नाव कोणाच्या मागे गेलं तर तो मांडवात येऊन तोंड फिरवेल, हे मला झोपेतही सांगता येतं. आणि यजमानाचं नाव नेहमी तळाशी. घरच्याने पुढे पुढे करायचं नाही.

आता धुळ्याला आमचे प्रेमराज नाना आहेत, ह्यांचे थोरले भाऊ, चौऱ्याऐंशीचे. आयुष्यभर धुळ्याच्या कोर्टात बेलिफ होते. (अजूनही कोणी आमंत्रण दिलं की त्याच्याकडून वेळ आणि तारीख लिहून घेतात.) माझ्या नणंदेच्या लग्नात प्रेसवाल्याने त्यांचं नाव दुसऱ्या ओळीत छापलं, तर वरण-बट्टीच्या पंगतीत बसून ते फक्त ताक प्यायले होते. तीन पंगती. त्या गोष्टीला अठ्ठावीस वर्षं झाली आणि ते ताक आमच्या घरात अजून कोणी विसरलेलं नाही. तेव्हा मी म्हटलं, कायद्याचा विषय, घरात कोर्टाची पायरी झिजवलेला एकच माणूस, मान त्यांचा. पहिल्या ओळीत धुळे टाकलं. दुसऱ्या ओळीत नाशिक, कारण कुंदनचं सासर. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत पुण्याची दोन, कारण पुणेकरांना नुसतं वगळून चालत नाही. आणि जळगाव आपल्या घरचंच, म्हणून शेवटी, पाचवं. चुडामण म्हणाला, ‘अक्का, हाई पसंतीनी यादी शे, लगननी पत्रिका नही.’ मला वाटलं, चेष्टा करतो. मी म्हटलं, ‘तू दाब ते बटण.’

त्याने दाबलं. आठ दिवसांनी निकाल लागला. पहिल्या पसंतीचं कॉलेज, पहिल्याच फेरीत. चुडामणने स्क्रीनकडे बघून डोक्याला हात लावला. ‘बठ्ठं लॉक व्हई गयं, अक्का. पहिली पसंती भेटनी म्हंजे ती घेनीच पडस.’ मी विचारलं, बदलता येत नाही का? तो म्हणाला, सरकारला वाटतं तुम्हाला धुळ्याला जायची फार हौस आहे. शीतलला जळगाव मिळालं. तिने पहिल्या ओळीत जे हवं तेच लिहिलं होतं, अजून वय लहान आहे. तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, ‘आजी, आता माझ्या बाकावर कोण उभं राहणार?’

नानांना फोन करून सांगितलं. आधी म्हणाले, ‘ज्या वयात जज घरी जाऊन बसतो त्या वयात तू निघालीस?’ मग मी सांगितलं, की तुमच्या मानासाठी धुळ्याचं नाव पहिल्या ओळीत टाकलं. फोनवर नाक ओढल्याचा आवाज. ‘पहिल्या ओळीत?’ ‘पहिल्या ओळीत, नाना.’ ‘मग ठीक शे,’ म्हणाले. आता रोज सकाळी धुळ्याच्या बार रूममध्ये जाऊन सगळ्या वकिलांना सांगतात, की माझी भावजय माझ्या शब्दाखातर इथे येते आहे. ती अठ्ठावीस वर्षांची आढी एका बटणाने सुटली, म्हणजे चूक अगदीच वाया गेली नाही.

पण त्यांच्याकडे राहायचं म्हटलं तर दीड खोलीत सहा माणसं, आणि नाना जेवायला बोलावताना माणसाचा पूर्ण नावानिशी तीनदा पुकारा करतात. होस्टेलवर चौकशी केली, तर तिथल्या मुलीने विचारलं, मुलीचं वय काय? मी फोन ठेवला. कुंदन म्हणतो अप-डाऊन कर. सकाळी सातची एसटी, एरंडोल, पारोळा, धुळे. संध्याकाळी परत. बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणतो. पण गुडघ्याला कुठे अर्धा प्रवास आहे! मागच्या बुधवारी एकदा जाऊन पाहिलं. सीट खिडकीची मिळाली, समोरच्या बाईने अर्धी पिशवी शेंगा मला खाऊ घातल्या, सगळं छान झालं. फक्त धुळ्याला उतरताना मला पायच सापडेना. कंडक्टरने हात धरून उतरवलं आणि विचारलं, ‘मावशी, दवाखान्यात का?’ ‘नाही, कॉलेजात,’ म्हटलं तर त्याची घंटी मारायची राहूनच गेली. त्या दिवशी मी तुझ्याकडे आले नाही, याचा राग मानू नकोस. तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले होते. तुझ्या वरच्या खिडकीत कोणी नव्हतं. मग काय बोलायचं ते जुळेना, म्हणून परत फिरले आणि हे पत्र लिहायचं ठरवलं.

तर अशी सगळी फजिती आहे. हसून घे. हसण्याने साखर वाढत नाही. तुझ्या दिवंगत नूर महंमद चाचांची आठवण काल फार आली. मॅट्रिक झालो तेव्हा त्यांनी पत्र्याच्या दोन पेट्या बनवल्या होत्या, एक तुला, एक मला. झाकणावर पांढऱ्या रंगात ‘वकील’ असं लिहून दिलं होतं, आणि आपण दोघी सायकल स्टँडमध्ये खटले चालवायचो. तू नेहमी आरोपीची वकील. मी नेहमी आरोपी, कारण डबा मीच चोरलेला असायचा. एकदाही तू मला शिक्षा होऊ दिली नाहीस.

उत्तराची घाई नाही. म्हणजे शुक्रवारपर्यंत नाही.

तुझी,
रत्ना

ता.क. १ : ईदेच्या फोनवर तू म्हणाली होतीस, की उमर नाशिकला गेल्यापासून वरची खोली रिकामी आहे आणि तिथे कांदे पसरून ठेवलेत. किती कांदे आहेत? ते एका कोपऱ्यात सरकतील का? मला एका खाटेची जागा आणि एक खिडकी पुरेल. कांद्यांचा वास मला चालतो. हेच काम होतं, सिस्टरांच्या हिशेबाने तिसऱ्या परिच्छेदातलं. शुक्रवारी सातच्या गाडीने येते आहे. कॉलेजात कागद देऊन दुपारी तुझ्या दारात उभी राहीन. केळ्याचे वेफर्स आणते, पण तुला चारच मिळतील. ‘नाही’ म्हणायचं असेल तर जेवण झाल्यावर म्हण.

ता.क. २ : अर्जासाठी पदवीचं प्रमाणपत्र काढायला चाचांची पेटी उघडली, तर आतून दोन निघाली. एक माझं, एक तुझं. बी.ए., १९८४, दुसरा वर्ग. तुझं लग्न होऊन तू धुळ्याला गेलीस तेव्हा पदवीदानाला मीच तुझं घेतलं होतं आणि ‘येशील तेव्हा देईन’ म्हणून ठेवून दिलं. तू किती वेळा आलीस! दर वेळी आपण दुसऱ्याच गोष्टी बोललो. एक्केचाळीस वर्षं माझ्या पेटीत होतं, कोपरासुद्धा दुमडलेला नाही. शुक्रवारी घेऊन येते. वयाला वरची मर्यादा नाही, हे मी वर एकदा लिहिलं आहेच. पुढच्या वर्षीच्या अर्जाची तारीख जाहीर झाली की चुडामण सांगणार आहे. तोवर मी पहिल्या वर्षाच्या नोट्स नीट अक्षरात काढून ठेवीन. तुला माझं अक्षर वाचता येतं.

ता.क. ३ : हे पत्र पाकिटात घालून परत काढलं. सितारा, मी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आहे. पसंतीक्रम म्हणजे काय ते मला कळत नव्हतं, असं तुला खरंच वाटलं का? चुडामणने एकदा नाही, तीनदा सांगितलं होतं. बटणही त्याने नाही, मी दाबलं. वकिलीला जायचं तर धुळ्याला आणि दोघींनी, असं आपलं सायकल स्टँडमध्ये ठरलं होतं. तू पुढे गेलीस, मला जरा उशीर झाला, एवढंच.

नानांना मात्र यातलं काही कळू देऊ नकोस. पुन्हा ताकावर येतील.